घोड्याचे नाव

मार्गशीर्षाची थंडी पडू लागली, की चोपड्याहून पश्चिमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक निराळीच वर्दळ सुरू होते. एरवी या रस्त्याने केळीच्या घडांनी लादलेले ट्रक आणि कापसाच्या गाड्या जातात. या दिवसांत मात्र अधूनमधून एखादा उघडा टेम्पो दिसतो. त्यात गवताच्या पेंढ्यांमध्ये घोडा उभा असतो, आणि त्याच्या गळ्याशी हात टाकून, डोक्याला मफलर गुंडाळलेला मोतद्दार बसलेला असतो. उजव्या हाताला सातपुड्याची निळसर रांग सोबत करते. डाव्या हाताला, शेतांपलीकडे, तापीचे खोरे पसरलेले असते. अनेर ओलांडली, शिरपूर मागे पडले, शहादा आले, की वाट दक्षिणेकडे वळते आणि तापीच्या काठी सारंगखेड्याला पोचते. दत्तजयंतीला येथे एकमुखी दत्ताची यात्रा भरते, आणि यात्रेबरोबर घोड्यांचा बाजार भरतो.

खानदेशातील जुन्या माणसांच्या बोलण्यात या बाजाराची गोष्ट हमखास निघते. मुलांना तो पहिल्यांदा दाखवण्याचा मान बहुधा आजोबांचा असतो. पहाटे घरून निघावे, वाटेत कळण्याची भाकरी आणि वांग्याचे भरीत सोडावे, आणि उन्हे चढायच्या आत दावणीपाशी पोचावे, असा तो प्रवास असतो. देवाचे दर्शन होते, पाळण्यात बसणे होते, गोडीशेवही खाऊन होते. पण पाय पुनःपुन्हा घोड्यांकडेच वळतात. मारवाडी आणि काठेवाडी घोडे, पंजाबकडचे पांढरेशुभ्र नुकरे, कुमाईत, अबलख, चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेले पंचकल्याणी, यांच्या रांगाच रांगा तापीच्या काठी उभ्या असतात. खोगिरे, लगाम, रिकिबी, रंगीत झुली यांची दुकाने शेजारीच थाटलेली असतात. गिऱ्हाईक आधी घोड्याचे दात पाहते, मग अंगावरचे भोवरे पाहते. कोणता भोवरा शुभ आणि कोणता अशुभ, यावर दोन म्हातारे तासभर वाद घालू शकतात. घोड्याच्या गुणांशी भोवऱ्याचा काही संबंध नसतो, हे कोणीही पशुवैद्य सांगेल. पण म्हाताऱ्यांना ते पटवणे कठीण!

घोड्याची खरी परीक्षा चालीत होते. रवाल चालीचा घोडा समोरून गेला, की गर्दी आपोआप दुभंगते. अशा घोड्यावर बसलेल्या स्वाराच्या तळहातावरचा पाण्याचा पेलाही हिंदकळत नाही, असे जाणकार सांगतात. "हाऊ घोडा देख!" एवढेच शब्द कोणाच्या तरी तोंडून निघतात. बाकीची स्तुती डोळ्यांनीच होते.

या बाजारात एक गंमत दरवर्षी घडते. सर्वांत मोठी गर्दी जमते ती विकाऊ घोड्याभोवती नव्हे, तर जो विकायचाच नाही अशा घोड्याभोवती. लाखांच्या बोली लागतात, मालक मान हलवतो, आणि लोक त्या नकाराचेच कौतुक करीत घरी जातात. घोडा आपला नाही, होणार नाही, त्याच्यावर कधी बसायलाही मिळणार नाही; तरीही तो पाहिल्याचा आनंद मात्र अगदी आपला असतो. पुढे वर्षे लोटतात. तो घोडा जातो, त्याचा मालकही जातो. पण एखादे तेजस्वी शिंगरू दिसले, की कोणी तरी म्हणतोच, "हे त्या अमक्या घोडीच्या वंशातले." ज्या घोडीला त्या बोलणाऱ्याने स्वतः पाहिलेले नसते, तिचे वर्णन तो कानापासून खुरापर्यंत करतो. वडिलांनी सांगितलेले त्याला पाठ असते.

सारंगखेड्याच्या या यात्रेला अलीकडे 'चेतक महोत्सव' असे नाव मिळाले आहे. चेतक हा मेवाडच्या महाराणा प्रतापांचा घोडा. १८ जून १५७६ रोजी हळदीघाटात लढाई झाली. जखमी चेतकाने आपल्या धन्याला रणातून बाहेर काढले, ओढा ओलांडला आणि मग प्राण सोडला, अशी कथा सांगतात. हळदीघाटाजवळ त्याचा चबुतरा आहे. इतिहासाचे अभ्यासक म्हणतात, की लढाईच्या काळातील लिखाणात 'चेतक' हे नाव आढळत नाही. ते पुढच्या काळातील कथा-गीतांतून आले. तसेही असेल. पण मेवाडपासून इतक्या दूर, तापीच्या काठच्या लोकांनी आपल्या यात्रेला नाव द्यायचे ठरवले, तेव्हा ते कोण्या राजाचे नव्हे, घोड्याचे दिले. ज्याचे चित्र नाही, ज्याच्या उंचीची नोंद नाही, त्याचे नाव आजही टिकून राहिले आहे.

मुंबईच्या लोकांनी तर याहून मौज केली. फोर्ट भागात १८७९ साली इंग्लंडच्या युवराजाचा अश्वारूढ पुतळा उभारण्यात आला. युवराज घोड्यावर ऐटीत बसलेला होता. पण मुंबईकरांनी त्या जागेला युवराजाचे नाव दिलेच नाही. घोडा काळ्या रंगाचा, म्हणून जागेचे नाव 'काळा घोडा'. १९६५ साली तो पुतळा तेथून भायखळ्याच्या बागेत हलवला गेला. चौक रिकामा झाला, नाव मात्र राहिले. काही न दिसणाऱ्या जागेला लोक पन्नासांहून अधिक वर्षे 'काळा घोडा' म्हणत राहिले. शेवटी २०१७ साली तेथे नवा काळा घोडा बसवण्यात आला. त्याच्या पाठीवर स्वार नाही.

चेतक रणांगणातला, काळा घोडा धातूचा. शर्यतीच्या घोड्याची गोष्ट थोडी वेगळी. मुंबईला महालक्ष्मी येथे शर्यतीचे प्रसिद्ध मैदान आहे, आणि १९४३ पासून 'इंडियन डर्बी' ही मानाची शर्यत धावली जाऊ लागली. शर्यतीभोवती पैशाच्या पैजा चालतात, आणि त्या पैजांनी कित्येक घरे धुळीला मिळवली आहेत. पण घोड्याला पैज ठाऊक नसते. तो धावतो एवढेच. महालक्ष्मीच्या मैदानाची आखणी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहराच्या कॉलफील्ड मैदानाच्या धर्तीवर केलेली आहे. त्याच कॉलफील्डवर १९३१ साली एक तांबूस रंगाचा, उंचनिंच घोडा पाठीवर भारी वजन घेऊन धावला आणि जिंकला. त्या घोड्यावर लोकांनी जितके प्रेम केले, आणि जितका काळ केले, तितके क्वचितच दुसऱ्या घोड्याच्या वाट्याला आले असेल. त्याचे नाव फार लॅप. पूर्वेकडच्या एका भाषेत या नावाचा अर्थ होतो वीज, आकाशातला लखलखाट.

फार लॅपचा जन्म ४ ऑक्टोबर १९२६ रोजी न्यूझीलंडमध्ये टिमारू गावाजवळ झाला. सुमारे सव्वा वर्षाचा असताना तो लिलावात अगदी स्वस्तात, १६० गिनींना विकला गेला. हॅरी टेलफर्ड नावाच्या प्रशिक्षकाने त्याची वंशावळ वाचली होती. स्वतःजवळ पैसे नसल्याने त्याने डेव्हिस नावाच्या व्यापाऱ्याला तो घ्यायला लावले. घोडा ऑस्ट्रेलियात पोचला आणि डेव्हिसचा चेहरा उतरला. अंगाने किडकिडीत, पाय लांबलचक, चाल बेढब, तोंडावर चामखिळी! सारंगखेड्याच्या बाजारात असा घोडा आणला असता, तर भोवरे पाहायलाही कोणी थांबले नसते. डेव्हिसने त्याच्या शिक्षणाचा खर्च करायचे साफ नाकारले. अखेर टेलफर्डने तो तीन वर्षांच्या कराराने आपल्याकडे ठेवून घेतला.

पहिल्या शर्यतीत फार लॅप शेवटी आला. पुढच्या तीन शर्यतींतही तो काही करू शकला नाही. एप्रिल १९२९ मध्ये, पाचव्या खेपेला, तो जिंकला. मग काही काळाने असे दिवस आले, की तो मैदानात उतरला म्हणजे दुसरा कोण येणार एवढेच लोक विचारू लागले. तो वाढून सतरा मुठींहून उंच झाला होता. म्हणजे खांद्याशी जवळजवळ पावणेसहा फूट. आयुष्यात तो एकूण ५१ शर्यती धावला आणि त्यांतील ३७ जिंकला.

ते दिवस मोठे कठीण होते. १९२९ साली जगभर मंदीची लाट आली. ऑस्ट्रेलियात कारखाने बंद पडले, माणसे कामाच्या शोधात गावोगाव पायी फिरू लागली, धान्याच्या मदतीसाठी रांगा लागल्या. अशा वेळी, ज्याला मालकाने नापसंत केले होते आणि जो पहिल्या शर्यतीत शेवटी आला होता, असा एक घोडा दर आठवड्याला पुढे निघून जात होता. खिशात दमडी नसलेली माणसेही त्याला पाहायला कुंपणापाशी उभी राहत. त्यांच्या स्वतःच्या आयुष्यात जिंकण्यासारखे फार थोडे उरले होते. तो जिंकला, की त्यांना वाटे, आपल्यापैकीच कोणी तरी जिंकले.

या घोड्याचा एक जिवलग होता. त्याचे नाव टॉमी वुडकॉक. तो ना मालक, ना प्रशिक्षक, ना स्वार. तो फार लॅपचा मोतद्दार होता. खरारा करणे, दाणावैरण घालणे, पायांना पट्ट्या बांधणे, फिरवून आणणे, ही त्याची कामे. सगळे जग ज्याला 'फार लॅप' म्हणून ओळखत होते, त्याला तो नुसते 'बॉबी' म्हणे. घोडाही त्याच्याच हातून खाणे पसंत करी. वुडकॉक रात्री त्याच्या ठाणाजवळच झोपत असे.

१ नोव्हेंबर १९३० च्या सकाळी सराव संपवून दोघे परतत होते. तीनच दिवसांनी मेलबर्न कपाची मोठी शर्यत होती. फार लॅप जिंकू नये अशी इच्छा असणारे लोकही शहरात होते, कारण तो जिंकला तर त्यांना पैजांचे मोठे पैसे भरावे लागणार होते. वाटेत एक मोटार थांबलेली होती. तिच्यातून बंदुकीचा बार झाला. वुडकॉक दुसऱ्या तट्टावर बसलेला होता. त्याने ते तट्टू मध्ये घातले आणि फार लॅपला आडोशाला घेतले. घोडा वाचला. बंदूक झाडणारे कोण होते, याचा छडा कधीच लागला नाही. त्याच दिवशी दुपारी फार लॅप एक शर्यत धावला आणि जिंकला! मग मंगळवारी, ४ नोव्हेंबरला, पाठीवर साडेबासष्ट किलो वजन घेऊन त्याने दोन मैलांचा मेलबर्न कप जिंकला.

येथे वजनाची गोष्ट समजून घ्यायला हवी. अशा शर्यतीत सर्व घोड्यांना जिंकण्याची सारखी संधी मिळावी म्हणून बलवान घोड्याच्या पाठीवर अधिक भार देतात. स्वार हलका असेल तर खोगिराला शिशाचे तुकडे जोडून वजन पुरे करतात. म्हणजे जो जिंकेल त्याच्या पाठीवर पुढच्या खेपेला ओझे वाढते. १९३१ च्या मेलबर्न कपासाठी फार लॅपला ६८ किलो वजन देण्यात आले. तो धावला, आणि आठवा आला. नियम सर्वांना सारखाच होता आणि तो मोडला गेला नव्हता. पण त्या दिवशी कुंपणाशी उभ्या असलेल्या माणसांना नियमात काही तरी चुकते आहे असे वाटल्यावाचून राहिले नसेल. विशेष हे, की त्या पराभवाने त्याचे चाहते कमी झाले नाहीत.

पुढे डेव्हिसने त्याला समुद्रापार अमेरिकेकडे नेले. वुडकॉक बरोबर होता. २० मार्च १९३२ रोजी मेक्सिकोतील तिहुआना शहराजवळ मोठी शर्यत झाली. परका देश, सवयीची नसलेली जमीन, लांबचा जलप्रवास. तरी फार लॅप जिंकला. ती त्याची शेवटची शर्यत. ५ एप्रिलच्या सकाळी कॅलिफोर्नियातील मुक्कामात वुडकॉकला तो वेदनेने तळमळताना आढळला. अंगात ताप होता. दुपारपर्यंत सारे संपले. त्याचे वय अवघे साडेपाच वर्षांचे होते.

त्याला विष दिले गेले, असे लोक म्हणू लागले. अनेक दशकांनंतर शास्त्रज्ञांनी त्याच्या जतन केलेल्या केसांची तपासणी केली. मृत्यूच्या साधारण दीड दिवस आधी त्याच्या शरीरात सोमल बराच गेला होता, असे त्यांना २००८ च्या सुमारास दिसून आले. पण सोमल त्या काळी घोड्यांच्या शक्तिवर्धक औषधांतही घालीत. त्यामुळे तो कोणी मुद्दाम दिला, की औषधाच्या मात्रेत चूक झाली, हा वाद मिटलेला नाही. त्याला जाऊन नव्वदांहून अधिक वर्षे झाली तरी लोक तावातावाने त्यावर बोलतात.

मेल्यानंतरही लोकांना तो हवाच होता. आणि हवा कोणाला, यावरही दोन देश हटून बसण्यासारखे होते. जन्म न्यूझीलंडचा, पराक्रम ऑस्ट्रेलियातला. अखेर त्याची जणू वाटणी झाली. कातडे भरून त्याची हुबेहूब आकृती करण्यात आली. ती मेलबर्नच्या संग्रहालयात गेली. हाडांचा सांगाडा न्यूझीलंडला पाठवण्यात आला. तो पुढे वेलिंग्टनच्या संग्रहालयात उभा राहिला. आणि काळीज ऑस्ट्रेलियाची राजधानी कॅनबेरा येथे काचेच्या भांड्यात जपून ठेवण्यात आले. त्याचे वजन सहा किलोंहून अधिक भरले. सामान्य घोड्याच्या काळजाहून ते कितीतरी मोठे होते. फुले वाहायला जावे अशी एक समाधी त्याला नाही. तीन शहरांत तीन काचा आहेत, आणि तिन्हींपुढे माणसे थांबतात. ऑस्ट्रेलियात धीराच्या माणसाला 'याचे काळीज फार लॅपएवढे' असे म्हणण्याचा प्रघातच पडला आहे. त्या देशाच्या राष्ट्रीय संग्रहालयात मौल्यवान वस्तू पुष्कळ आहेत. तरी दाराशी येणारी माणसे विचारतात, ते काळीज कोठे ठेवले आहे?

ज्यांनी त्याला धावताना पाहिले त्यांची पिढी आता सरली. आज काचेपुढे उभी राहणारी मुले त्यांच्या पणतवंडांच्या वयाची आहेत. २०१० साली मेलबर्न कपाच्या शर्यतीला दीडशेवे वर्ष लागले, तेव्हा न्यूझीलंडहून सांगाडा मेलबर्नला आणून कातड्याच्या आकृतीशेजारी ठेवण्यात आला. इतक्या वर्षांनी दोन्ही एकत्र आली. काळीज मात्र आणता आले नाही. ते इतके नाजूक झाले होते, की प्रवासाचा धक्का त्याला सोसला नसता.

वुडकॉकचे पुढे काय झाले? तो परत आला आणि आयुष्यभर घोड्यांमध्येच राहिला. त्याने स्वतः घोडे तयार केले. १९७७ साली, तो सत्तरी ओलांडलेला असताना, त्याचा 'रेकलेस' नावाचा घोडा मेलबर्न कपात दुसरा आला. पहिला कोण आला हे सांगायला पुष्कळांना आठवावे लागते; पण त्या वर्षी म्हातारा वुडकॉक मैदानात होता, हे अनेकांच्या ध्यानात राहिले. १९८५ साली तो वारला. राजेमहाराजांच्या मोतद्दारांची नावे इतिहासात शोधून सापडत नाहीत. चेतकाला खरारा कोण करीत होता, हे कोणाला ठाऊक आहे? फार लॅपच्या गोष्टीत मात्र मालकाचे नाव विसरले तरी चालते, वुडकॉकचे विसरून चालत नाही.

सारंगखेड्यालाही संध्याकाळी, बाजाराची गर्दी ओसरली, की ही माणसे दिसू लागतात. दिवसभर मालक बोलत असतात, दलाल बोलत असतात. मोतद्दार मुकाट असतो. आता तापीवरून गार वारा येऊ लागतो. घोड्यांच्या अंगावर झुली पडतात, तोंडाला दाण्याचे तोबरे चढतात. शेकोट्या पेटतात. चोपड्याकडे परतणारी मुले आजोबांचे बोट सोडून पुन्हा एकदा दावणीपाशी धावत येतात. दिवसा मोठ्या माणसांनी विचारलेला प्रश्न किमतीचा होता. मुले किंमत विचारीत नाहीत. ती विचारतात, "काका, याचे नाव काय?"

मोतद्दार खरारा न थांबवता नाव सांगतो. मुले ते दोनदा म्हणून पाहतात, आणि पुढच्या घोड्याकडे पळतात.